कुरुळीतलं मुंडक्यांचं दुकान

अख्ख्या कुरुळीत माझ्याएवढी मुंडकी कुणी उडवली नसतील. घरात पाल निघाली तर मात्र मी चप्पल शोधत नाय, बायको शोधतो.

मुंडकी टीव्हीतली, घाबरू नका. आमच्या चाळीच्या खाली पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथं आता गेमचं दुकान आहे. दोन टीव्ही, त्यांना जोडलेल्या दोन काळ्या पेट्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यातली एक पाठ मोडलेली. ती माझी. भिंतीच्या फटीत अजून जुनं पीठ आहे, पंखा लावला की खाली येतं. मी पहिल्यांदा तिथनं घरी गेलो तव्हा कपाळावर पांढरं लागलं होतं आन बायकोला वाटलं मी देवळात जाऊन आलो. तेवढीच माझी त्या दुकानातली पुण्याई.

मला त्या दुकानाचा राग आहे. त्या काळ्या पेटीचा आहे, त्यातल्या दाढीवाल्या हिरोचा आहे, दुकानवाल्याच्या गुटख्याचा आहे. माझा पण आहे, पण स्वतःवर राग काढून काढून मी कंटाळलोय, म्हणून जरा त्यांच्यावर काढतो.

आधी माझं सांगतो. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी ठेकेदाराचा माणूस. हेल्पर. प्रेस मशिनखालनं पत्र्याचे ब्रॅकेट पडतात. ते वाकून गोळा करायचे, पट्टीनं गठ्ठे बांधायचे, ट्रॉलीत रचायचे. परत वाकायचं. चौथीत मास्तरांनी मला इतक्या वेळा ओणवं उभं केलं की मी शाळा सोडली. कंपनीत आलो आन परत ओणवाच. फरक एवढाच की इथं पाठीवर पट्टी पडत नाय, पट्टी आपणच बांधायची.

मग एक ऑपरेटर काम सोडून गावाकडं गेला आन सुपरवायझरनं मला मशिनवर घेतलं. ट्रायलवर.

मशिन असं आहे. दोन बाजूला दोन हिरवी बटणं, मध्ये हातभर अंतर. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा लोखंडी ठोकळा खाली येतो. एकच दाबलं तर मशिन ढिम्म. कारण साधं आहे. दोन्ही हात बटणावर असले की ठोकळ्याखाली घालायला माणसाकडं तिसरा हात नसतो. पत्रा ठेवा, हात काढा, दोन्ही बटणं दाबा, धाडकन ब्रॅकेट. परत पत्रा. एवढंच. ह्यात डोकं लागत नाय, म्हणून तर मला निवडलं.

ट्रायल पास झालो की ऑपरेटर, आन ऑपरेटर झालो की रूम बदलायची, हे बायकोनं ठरवून टाकलं होतं. ती वायरींच्या जुड्या करणाऱ्या कंपनीत लाईनवर दिवसभर उभी असते. आमच्या चाळीला सगळ्यांत मिळून दोन संडास. सकाळी पहिल्या शिफ्टवाल्यांची लाईन लागते, त्यात पुरुष पुढं घुसतात, बायका बादली धरून भिंतीकडं तोंड करून उभ्या. एकाची कडी तुटलेली, म्हणून आत गेलं की एका हातानं दार ओढून धरायचं. बायको म्हणायची, "माझं आर्धं आयुष्य दार धरण्यात चाललंय."

तिनं गावातच वरच्या आळीला एक खोली बघितली. आत संडास. फरशी, नळ, आतनं कडी. त्या कडीबद्दल ती अशी बोलायची जशा दुसऱ्या बायका पाटल्यांबद्दल बोलतात. मालक म्हणला, दुसरं गिऱ्हाईक पण आहे, महिनाअखेरपर्यंत थांबतो. हिनं काय करावं? आमची निळी बादली नेली आन त्या संडासात ठेवून आली. एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून सीट धरतात तशी. "माझी बादली आत हाय, दुसऱ्याला खोली दावू नका," असं मालकाला बजावून आली. तव्हापासून आम्ही तेलाच्या डब्यात पाणी घेऊन आंघोळ करत होतो.

तर बादली तिकडं, आम्ही इकडं, आन मध्ये मी आन दोन हिरवी बटणं.

आता दुकान.

माझी पहिली शिफ्ट दुपारी सुटते. बस फाट्यावर सोडते. बायको यायला अजून दोन-अडीच तास असतात. एक दिवस चाळीच्या जिन्याकडं चाललो होतो तर दुकानवाला दारात. तो इथल्या जुन्या घरातला, जमीन कंपनीला गेली, बापानं चाळ बांधली, ह्यानं दुकान टाकलं. दिवसभर गालात गुटखा आन मांडीवर मोबाईल.

"या की, पाव्हणं. घरी जाऊन काय भांडी घासणार हाय का?"

खरं म्हणजे तेच करणार होतो. पण असं विचारल्यावर माणूस हो म्हणतो का? बसलो त्या मोडक्या खुर्चीत.

टीव्हीवर एक दाढीवाला उघडा माणूस, अंगावर कातड्याचे पट्टे, दोन हातांत दोन वाकडी पाती. हुबेहूब कोयते. समोर पडका किल्ला आन त्यातनं राक्षस बाहेर येतात, शिफ्ट सुटल्यासारखे. दुकानवाल्यानं माझ्या हातात ते बटणांचं खेळणं दिलं. "ह्या बटणानं मारायचं, ह्या बटणानं चुकवायचं. सोपं हाय."

मी दोन्ही अंगठे एकदम दाबले.

तो दाढीवाला जागेवर थांबला, दोन्ही पाती छातीशी क्रॉस करून उभा राहिला. राक्षस आला, त्याला उचललं, आपटलं. टीव्हीवर मोठी लाल इंग्रजी अक्षरं आली. परत चालू. मी परत दोन्ही एकदम दाबले. परत छातीशी हात. परत आपटला.

"आरं, राक्षसाला नमस्कार घालतोय का काय?" दुकानवाला म्हणला. मागं बसलेले दोघं तिघं इतके हसले की एकाच्या तोंडातला वडा खाली पडला.

त्यांना काय माहीत. माझे हात कंपनीनं जोडून दिलेले. डावा एकटा कुठं जातच नव्हता. मशिनवर असताना एकदा नाक खाजलं तर मी दोन्ही हातांनी खाजवलं होतं.

आन ती लाल अक्षरं. बरेच दिवस मला वाटायचं ती शाब्बास म्हणतायत. एवढी मोठी, एवढी लाल, वाजतगाजत येणारी, म्हणजे कौतुकच असणार. मी मागं वळून सगळ्यांकडं बघायचो. शेवटी एकानं सांगितलं, "काका, ते 'तू मेलास' लिहिलंय." अख्खं आयुष्य कुणी शाब्बास म्हणलं नव्हतं, आन म्हणलं तर ते हे.

त्या पहिल्या दिवशीच तिथनं उठायला पायजे होतं. पण हसणाऱ्यांचं तोंड बंद करायला माझ्याकडं एक गोष्ट होती, ती मी बाहेर काढली.

"हसू नका," म्हणलं. "आम्ही बीडकडची माणसं. ऊसतोडीला जन्म गेला. कोयत्यावर वाढलोय आम्ही. तुमच्या ह्या दाढीवाल्याला धरता तरी येतो का नीट?"

ज्याचा वडा पडला होता त्यानं खुर्ची जवळ ओढली. ऊसतोडीत मुकादम माणसं मोजत नाय, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्न झालं तव्हा गावात कुणी विचारलं नाय सुखी आहात का, मुकादम म्हणला, "चला, एक कोयता वाढला." हे मी त्यांना सगळं सांगितलं. उभं राहून हातवारे करून दाखवलं, ऊस डाव्या हातात कसा धरायचा, बुडात घाव कसा घालायचा, शेंड्याचं वाढं कसं उडवायचं. दुकानवाल्यानं गुटखा थुंकला आन म्हणला, "व्हय का? मग तर दादा आपला कोयतेवाला हाय."

त्या दिवसापासून मी कोयतेवाला. खुर्ची मोडकीच, पण नाव झालं. आन नाव झालं की ते सांभाळावं लागतं, म्हणून रोज जायला लागलो.

लोक विचारतात, एवढं काय ठेवलंय त्यात? बायको तर असं विचारायची की उत्तर नकोच आहे तिला. मी सांगतो काय ठेवलंय. मला ते आवडत नाय, तरी सांगतो.

कंपनीत मी दिवसभर बटण दाबतो आन पत्रा वाकतो. पत्र्याला काय वाटत नाय. सुपरवायझर येतो, आकडा बघतो, माझ्याकडं बघत नाय. गेटवर सिक्युरिटीवाला माझा डबा बघतो, माझ्याकडं बघत नाय. तिथं दुकानात मी बटण दाबलं की समोरच्याचा खांदा उतरतो आन तो बोंबलतो. म्हणजे त्याला कळतं मी आहे. अख्ख्या चाकणमध्ये मी आहे हे कळणारा तेवढा एकच, आन त्याचं मी मुंडकं उडवतो.

मेला की त्याच्यातनं निळे मणी सांडतात. सांडतात आन आपोआप तुमच्याकडं पळत येतात. वाकावं लागत नाय. ह्याचं सुख हेल्परला विचारा.

आन कोण कोण यायचं त्या किल्ल्यात! आमच्या चाळीचा मालक यायचा, तोच दुकानवाल्याचा बाप, जो पाण्याची मोटर मधेच बंद करतो. कँटीनचा तो माणूस यायचा जो भाजी वाढताना पळी अर्धी परत भांड्यात हलवतो. ठेकेदार यायचा, त्याला मी दोनदा मारायचो, एकदा पगाराला उशीर झाला म्हणून आन एकदा तो हसतो म्हणून. पुणे-नाशिक रोडला मागनं हॉर्न वाजवणारे सगळे यायचे, रांगेत. सुपरवायझरसाठी मी मोठा राक्षस राखून ठेवायचो. कुणी उलट बोलत नव्हतं. सगळ्यांना मी वाकवून, फाडून, उडवून लावायचो आन मग हात पुसून घरी जाऊन बायकोच्या भीतीनं गुपचूप कांदा चिरायचो. तो पण नीट चिरला जायचा नाय. ती म्हणायची, "हे काय, जनावराला घातलाय का?"

पण मनात गोड काहीच उरायचं नाय. खेळ संपला की राग कमी व्हायला पायजे ना? माझा वाढायचा. टीव्हीतल्याला मारून झालं की बाहेरचे सगळे तसेच धडधाकट, हसत, गाड्या चालवत. मग वाटायचं, उद्या परत.

ह्या सगळ्यात माझे हात सुटले. हीच खरी गोम. दाढीवाल्यानं मला शिकवलं: उजवा मारतो तव्हा डावा मोकळा, डावा चुकवतो तव्हा उजवा तयार. दोन्ही कधी एकदम नाय. मला अभिमान वाटला. आयुष्यात पहिल्यांदा माझा डावा हात स्वतःच्या पायावर उभा राहिला.

आन मग कंपनीत मशिन चालेना.

पत्रा ठेवायचा, हात काढायचे, डावं बटण दाबायचं. उजवा बटणावर पडेपर्यंत डावा उठलेला. टक, टक. ठोकळा वरच. परत टक, टक. शेजारच्या मशिनचं धाडधाड चालू, माझं नुसतं टकटक. दारात कुणी पाव्हणा आल्यासारखं.

सुपरवायझर आला. तरणा पोरगा, डिप्लोमावाला, बोलतो शांत, त्यानं जास्त लागतं.

"काय हो, तबला वाजवताय?"

"नाय साहेब, हात जरा..."

"हात जरा काय? आकडा बघा तुमचा. हेल्पर बसवला असता तर जास्त निघाले असते."

"साहेब, मी हेल्परच होतो."

"दिसतंय. शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर परत ट्रॉली."

घरी बायकोला म्हणलं, साहेब खूश आहे. ती त्याच संध्याकाळी वरच्या आळीला गेली आन बादलीत आमचा प्लास्टिकचा मग पण ठेवून आली. आता आम्ही डब्यातनं स्टीलच्या तांब्यानं पाणी घेत होतो.

मी ठरवलं दुकानात जायचं नाय. गेलो.

शेजारच्या प्रेसवर लातूरकडचा एक ऑपरेटर आहे. सगळ्यांना भावा म्हणतो, म्हणून त्यालाच सगळे भावा म्हणतात. चहाच्या सुट्टीत माझ्याकडं आला.

"भावा, डावं बटण कशाला पायजे तुला?"

"दोन्ही दाबल्याशिवाय चालत नाय ना."

त्यानं खिशातनं आइस्क्रीमची काडी काढली. मोडून जाड केलेली. डावं बटण खाली दाबलं आन कडेच्या फटीत काडी बसवली. बटण दाबलेलंच राहिलं. "आता एकच हात. उजवा मार. डावा मोकळा, पत्रा ठेव, काढ, ठेव, काढ. बघ मग आकडा."

काडी बसवताना त्याचा हात माझ्या नाकासमोर होता. डाव्या करंगळीला वरचं पेर नव्हतं. मी ते बघितलं. चांगलं बघितलं. आन म्हणलं, "भारी आहे की, भावा."

एवढी अक्कल देवानं मलाच का दिली, मला माहीत नाय.

मग काय विचारता! उजवा मारतोय, डावा मोकळा. पत्रा आत, धाड, बाहेर. आत, धाड, बाहेर. डावा हात त्या ठोकळ्याखाली सुळकन जायचा, सुळकन यायचा, दाढीवाला राक्षसाच्या काखेतनं निसटतो तसा. ब्रॅकेट असे पडत होते की माझ्याजागी आलेला हेल्पर शिव्या घालत होता. सुपरवायझर आला, मी काडी बोटाखाली झाकली. त्यानं आकडा बघितला, परत बघितला.

"असं पायजे," म्हणला. "असंच ठेवा, शनिवारी पुढं नाव देतो."

मी बायकोला सांगितलं. खरं सांगितलं, पहिल्यांदाच.  तिनं केरसुणी उचलली आन नवी खोली झाडायला गेली. आल्यावर म्हणली, "आतनं कडी लावून बगितली. घट बसते."

शुक्रवारी दुपारच्या जरा आधी मी मशिनवर तो किल्ला खेळत होतो. खरंच. समोर पत्रा, पण डोक्यात किल्ल्याच्या फाटकावरचा राक्षस. तो माझ्याकडनं कधीच हरत नव्हता. मोठी कुऱ्हाड, हळू चालतो, तुम्ही घाई केली की मारतो. मी मनात त्याला चुकवत होतो. उजवा मार, डावा आत. उजवा मार, डावा आत. मग उजव्यानं एकदा डावा बाहेर यायच्या आधीच मारलं.

धाड.

ठेकेदार हातमोजे एकाच मापाचे देतो, पहिलवानाच्या. माझ्या बोटांच्या पुढं मोज्याची टोकं रिकामी लोंबतात. मी त्याला कायम शिव्या घालायचो त्यावरनं. ठोकळा वर गेला तव्हा खाली मोज्याच्या मधल्या बोटाचं टोक पत्र्यावर चपटं झालेलं. सगळ्या मोज्याला झटका बसला होता. माझं बोट त्याच्या जरासं अलीकडं थांबलं होतं.

मी काय केलं सांगू? ओरडलो नाय. देवाचं नाव घेतलं नाय. मी खाली फरशीकडं बघितलं. निळे मणी कुठं सांडले का.

मग मी माझ्याच ब्रॅकेटच्या ढिगावर बसलो.

सुपरवायझर पळत आला. तोंड पांढरं. माझा मोजा ओढून काढला, बोटं मोजली, परत मोजली. मग मशिनकडं बघितलं. काडी काढली, स्वतःच्या खिशात घातली. मग शिव्या दिल्या, मराठीत दिल्या, हिंदीत दिल्या. शांत बोलणारा पोरगा, सगळं राखून ठेवलेलं असणार.

"उद्यापासून ट्रॉली," शेवटी म्हणला.

"साहेब, माझं बोट गेलेलं नाय."

"म्हणून तर उद्या या म्हणतोय."

भावा त्याच्या मशिनवर मान खाली घालून दोन्ही हातांनी बटणं दाबत होता. अगदी कायदेशीर.

त्या दिवशी बस फाट्यावर थांबली. माणसानं घरी जावं, पाणी प्यावं, बायको यायच्या आत काय बोलायचं ते ठरवावं. मी तो चपटा झालेला मोजा हातात चढवला आन दुकानात गेलो. का गेलो? कारण तिथं हात तुटला तरी परत येतो. लाल अक्षरं येतात, आन मग सगळं होतं तसं. बाहेर कुठं असं करून देतात मला सांगा.

दुकानात मी मोजा सगळ्यांना दाखवला. हसत. ठोकळा कसा आला, मी कसा चुकवला. चुकवला म्हणलं मी! दुकानवाल्यानं मोबाईल खाली ठेवला, एवढं ते मोठं झालं. "कोयतेवाला हाय राव," म्हणला, "आसा तसा हात न्हाई तो." मी खेळायला बसलो. फाटकावरच्या राक्षसापर्यंत पोचलो. मला इतका राग होता की बटण आत जाऊन बसंल असं वाटत होतं. मार, मार, मार. त्यानं कुऱ्हाड उचलली. लाल अक्षरं. परत. मार, मार. लाल अक्षरं.

"आवं."

बायको दारात. कंपनीचा निळा शर्ट अजून अंगात, खांद्याला डब्याची पिशवी. दुकानात ती कधी आली नव्हती. सगळे खुर्चीत सरळ बसले.

माझ्या आधी दुकानवालाच बोलला. "वहिनी, काळजी करू नका. बोट थोडक्यात वाचलं दादाचं."

तिला माहीतच नव्हतं. ती आत आली, माझ्या हातातलं खेळणं काढून मांडीवर टाकलं, मोजा ओढला. एकेक बोट धरून असं दाबलं की मशिन परवडलं.

"कशानं?"

"मशिननं."

"मशिनला काय डोळं हायेत? तुमी काय केलं?"

मी काडीचं सांगितलं. हळू आवाजात, तरी सगळ्यांनी ऐकलं.

"आन मशिन?"

"गेलं. उद्यापासून परत गठ्ठे बांधायचे."

 पंख्यानं वरनं पीठ पडत होतं, तिच्या केसांवर पडलं. टीव्हीवर तो राक्षस कुऱ्हाड टेकून उभा होता, कुणीतरी यायची वाट बघत. मला वाटलं ती रडंल. रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी समजूत तरी काढली असती. एवढी एकच गोष्ट मला जमते, आन ती पण तिनं मला कधी करू दिली नाय.

"वरच्या आळीला जा," ती म्हणली. "बादली घेऊन या. मग बी हाय आत. केरसुणी दाराच्या मागं."

"जातो. एवढा एक राक्षस..."

माझ्या तोंडातनं गेलं. मी ते परत ओढायला बघत होतो, पण अशा गोष्टी मण्यांसारख्या परत पळत येत नायत.

तिनं टीव्हीकडं बघितलं. त्या दाढीवाल्याकडं, त्याच्या दोन हातांतल्या दोन कोयत्यांकडं. मग माझ्याकडं.

दुकानवाल्याला माझी दया आली असावी. चांगला माणूस नाय तो, पण त्या वेळेला आली. "वहिनी, रागावू नका. दादा लई भारी तोडतो. शेवटी कोयत्यावर वाढलेली माणसं तुमी. त्यानं आमाला समदं करून दावलंय, ऊस कसा धरायचा, बुडात घाव कसा घालायचा..."

"ह्यांनी?" बायको म्हणली. "ह्यांनी कोयता कवा धरला? तोडायचे मी. हे मागनं मोळ्या बांधायचे, आन त्याबी गाडीत चढवूस्तोवर सुटायच्या."